कुदळवाली फौज

अव्या, चहा राहू दे, आधी ऐक आत्ता काय झालं ते. ताईचा नवरा, म्हणजे आपले दाजी, गंगापूर रोडला त्यांच्या कॉम्प्युटरवर, आणि मी इंदिरानगरला टीव्हीसमोर कंट्रोलर घेऊन. गेम एकच, आपलं राज्य उभं करायचं आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. दाजी आधीपासून चिडवत होते, "माउसशिवाय सैन्य हलवणार तू? चमच्याने विहीर खणतोयस." मी तापलो आणि बोलून गेलो, हरलो तर दिवाळीपर्यंत माझा कन्सोल तुमच्या घरी.

शेवटी माझ्याकडे सैनिक उरले पंधरा. त्यांना किल्ल्यावर सोडायला बटण दाबलं, तर ते नेमकं सगळ्यांना निवडायचं निघालं. शेतातले, खाणीतले, लाकूडतोडे, सगळे कामं टाकून सैनिकांबरोबर निघाले. माउस असता तर क्षणात वेगळे केले असते. इथे मी अंगठ्याने एकेकाला शोधतोय, घामाने कंट्रोलर सटकतोय, आणि मागे माझं गाव रिकामं.

तेवढ्यात हेडफोनमध्ये दाजी, आवाज एकदम बारीक. "अरे, नकाशावर नुसते ठिपकेच ठिपके दिसतायत. एवढी फौज कधी उभी केलीस?"

मी अजून एका लाकूडतोड्याला बाजूला काढत होतो.

"खरं सांग, सगळे सैनिकच आहेत का? असतील तर मी आत्ताच हार मानतो."

किल्ल्याचा दरवाजा पाच पावलांवर होता, आणि माझ्या सगळ्यात पुढच्या माणसाच्या हातात कुदळ होती. तू असतास तर काय सांगितलं असतंस?