उजवी धावपट्टी

— नाही, उठवणार नाही मी त्यांना. आत्ता कुठे डोळा लागलाय. बसा तुम्ही, उभे का — ती खुर्ची नको, तिचा पाय डगमगतो, ही घ्या. पाणी? बरं. आवाज मात्र जरा बेताने, भिंत पातळ आहे. तुम्हाला मी दारातच ओळखलं. फोटो नव्हता पाहिला कधी, पण ‘मी कॅप्टन’ म्हणालात ना, तेवढ्यावरून. तो आवाज मी इतक्यांदा ऐकलाय — ह्यांच्या तोंडून. जेवता जेवता घास हातात धरून तुमची नक्कल करतात. चेष्टेने नाही हो. आठवून बघतात.

त्या सकाळचं तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही विमानात होतात, हे टॉवरमध्ये, विमानं उतरवायला. पण ह्यांच्या बाजूने कधी ऐकलंत? धुकं होतं. दोन धावपट्ट्या शेजारी-शेजारी. ह्यांनी सांगितलं, उजवीवर उतरा. तुम्ही नियमाप्रमाणे ते परत म्हणून दाखवलंत — आणि म्हणालात डावी. हे म्हणाले, बरोबर. झालं, एवढंच. डावीवर भरलेलं विमान उभं होतं उडायच्या तयारीत, तेही ह्यांनीच उभं केलेलं. तुम्हाला धुक्यातून त्याचे दिवे दिसले, तुम्ही विमान वर खेचलंत, म्हणून आज तुम्ही इथे बसलायत आणि मी बोलतेय. कुणाला ओरखडासुद्धा नाही. पेपरात आतल्या पानावर चार ओळी, त्याही दुसऱ्या दिवशी रद्दीत.

आमच्याकडे मात्र तिथूनच सुरू झालं. चौकशीला तुमच्या दोघांच्या बोलण्याची टेप लावणार म्हटल्यावर हे खुशीत होते, इस्त्रीचा शर्ट काढायला लावला मला, म्हणाले, आज संपेल सगळं — कारण ह्यांना खात्री, टेपमध्ये तुमच्या तोंडून उजवीच निघणार. टेप लावली, आणि खोलीतल्या सगळ्यांना डावी ऐकू आलं, एकट्या ह्यांना सोडून. परत लावा म्हणाले. परत लावली. अजून एकदा म्हणाले, तेव्हा साहेबच म्हणाले, पुरे आता. घरी आले, शर्टसुद्धा बदलला नाही, म्हणाले, “अगं, मला अजून उजवीच ऐकू येतं.” खोटं नाही बोलत हो. कान तपासले, कान चांगले आहेत. वर्षानुवर्षं ह्यांनी उजवी म्हटल्यावर समोरचा उजवीच म्हणत आला — मग कान काय करतो, ऐकायच्या आधीच पुढे जाऊन बसतो.

आता घरात कोणी काही बोललं की आम्ही ते परत म्हणून दाखवायचं. मी म्हणायचं, दूध उतू जाईल, बघा — हे म्हणणार, दूध बघतो, आणि मी हो म्हणेपर्यंत जागचे हलणार नाहीत, तोवर दूध गेलेलं असतं. गॅस बंद केला? केला. काय केला? बंद केला. मुलगी वसतिगृहात असते, ती फोनवर सांगते शनिवारी येते, हे म्हणतात, परत सांग. ती सांगते. हे म्हणतात, नुसता वार सांग. हल्ली ती मलाच मेसेज करते, आई, बाबांना तू सांग. मी सांगते. दोनदा सांगते. थकायला होतं, कॅप्टन. चिडायचं म्हटलं तरी अंगात जीव लागतो.

काय म्हणालात? — नव्याने जबाब देणार. चूक पहिली तुमची, लागोपाठच्या फेऱ्यांनी तुम्ही पेंगुळलेले होतात, तोंडातून काय गेलं ते तुमचं तुम्हालाही कळलं नाही. असं सांगणार. — म्हणजे ह्यांना परत वर घेतील? टॉवरमध्ये? … चहा टाकते. नको? बरं. मोठं मन लागतं त्याला. तुमचं विमान सुटेल हातातून, एवढं कळतं मला. बायकोला सांगितलंत? नाही ना. आधी तिला सांगा. 

मला नव्हतं कोणी विचारलं. ह्यांना टॉवरमधून काढून खाली भांडारात टाकल्याचा कागद आला, तेव्हा हे पलंगावर बसून होते, पायातले बूट न काढता, आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. सगळ्यांना वाटतं, रडायला गेले. मुलीलाही मी तेच सांगितलंय. रडले नाही हो. हसू आवरेना मला. इतकी वर्षं आकाशात विमान वाजलं की मी उठून खिडकीत जायचे, हे कामावर असोत नाहीतर शेजारी झोपलेले असोत. तेव्हापासून गेले नाही. आता हे ट्यूबलाइटी आणि खुर्च्या सांभाळतात. खुर्च्या पडल्या तर पडल्या, त्यात माणसं भरलेली नसतात. संध्याकाळी घरी येतात, उजेड असतो बाहेर — हे मी तुम्हाला कशाला सांगतेय. सोडून द्या.

भेटायचंय ना त्यांना? त्यांनाही तुम्हाला भेटायचंय. रोजचं आहे त्यांचं, तो माणूस एकदा समोर येऊ दे, एवढंच विचारीन, बाबा रे, तू खरंच डावी म्हणालास का. तुम्ही हो म्हणालात की सुटतील ते. निवांत झोपतील. आणि दुसऱ्या दिवशी वर जायला निघतील. मी काय करू, सांगा —

थांबा. उठले वाटतं. बोलू नका.

काय हो? … कोणी नाही. पत्ता चुकून आलं होतं कोणीतरी, खालच्या मजल्यावर जायचं होतं. … हो, खालच्या. सांगितलं मी त्यांना. पडा तुम्ही.

उठा, कॅप्टन. जबाब काय द्यायचा तो द्या, मी कोण अडवणार. पण इथे नका येऊ परत. जिन्यात बुटांचा आवाज होतो, हळू उतरा. दार राहू द्या, मी लावते.