राखणदाराची बाटली

श्वेता : नाना, ती हातोडी खाली ठेवा आधी. मिस्त्री म्हणतो, भिंतीत काही सापडलं तर घरमालकाला विचारल्याशिवाय तो पुढे हात लावणार नाही.

नाना : मग मी कोण, पाहुणो? ह्या घराची पावती माझ्या नावावर आसा, सूनबाय. दे हकडे ती बाटली.

श्वेता : घ्या. पण आज काय ते एकदाच सांगून टाका. परवा लादी उचलली, तर खाली दुसरी लादी, तिच्या खाली तिसरी. काल माळ्यावरून तुमच्या सुशांतचा लहानपणीचा पाळणा निघाला, त्यात उंदरीण बाळंत झालेली. आज स्वयंपाकघराची भिंत पाडली, तर आत रमची बाटली, तीही मेणाने बंद केलेली. घाटकोपरात एवढुशा दोन खोल्या आणि पोटात काय काय! पुढे तोफ वगैरे निघणार असेल तर मी आत्ताच माहेरी जाते मुलुंडला.

नाना : हसू नको गो. ही राखणदाराची बाटली.

श्वेता : कोणाची?

नाना : मुंबैत जन्मलेल्यांक सांगूचा तरी किती. आमच्या गावाकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. दिसत नाही, पण घर राखतो. त्याला नारळ द्यायचा, कोंबडा द्यायचा, वाईच दारू द्यायची. ही भिंत मी घातली संपाच्या वर्षी. गिरणी बंद, आणि मी सकाळपासून गुत्त्यावर. तुझी सासू पोराला कडेवर घेऊन मला हुडकत यायची. तेव्हा माझा चुलतभाऊ मिलिटरीतून सुट्टीवर आलेला, त्याने ही बाटली दिली. मी ती फोडली नाही. भिंतीत ठेवली आणि राखणदाराला सांगितलं, ही माझी शेवटची, ती तुला. ह्याच्या पुढे मी थेंब जरी तोंडाला लावला, तर तू आणि मी.

श्वेता : आणि खरंच नाही लावलात?

नाना : विचार तुझ्या सासूक. पुढे पवईला वॉचमन लागलो. पगाराच्या दिवशी बाकीचे सगळे बारमध्ये आणि मी सरळ घरी.

सुंदराबाई : नाय लावल्यानी. बाकी शंभर थापा मारल्या असतील, पण ह्यात खरे. श्वेता, ती बाटली पिशवीत घाल आणि मिस्त्रीकडे दे. कचऱ्याची गाडी येतली आता.

नाना : कचऱ्यात? अगो, चाळीस वर्षं मुरलेली रम ती. परदेशात असल्या बाटलीसाठी लोक जमीन विकतात.

सुंदराबाई : विकू देत. आपल्याकडे नाही जमीन.

नाना : माझं ऐक. शपथ भिंतीत होती. भिंत गेली. राखणदारानेच मोकळं केलं मला. त्याच्या नावाने एक झाकण घ्यायचं, प्रसाद म्हणून.

श्वेता : भिंत राखणदाराने नाही पाडली, नाना. मी पाडली. ओपन किचनसाठी.

नाना : तू निमित्त गो. करणारो तो.

श्वेता : आणि तुमची शुगर कोण करतो, तोच का? डॉक्टरांनी आंबा बंद केलाय, आणि तुम्ही रम काढताय.

सुंदराबाई : एक झाकण म्हणालात ना? तेव्हाही झाकणापासूनच सुरू झालं होतं.

नाना : मी आता म्हातारो झालंय. एका झाकणान माझा काय होतला?

सुंदराबाई : मला विचारा काय होतं ते.

श्वेता : आई, तुम्ही बसा बरं आधी. नाना, राहू द्या ना.

सुंदराबाई : नको, थांब. त्यांना हवी ना? दे. पातेलं घे आणि ओत त्याच्यात. सगळी ओत, नीट बघू दे त्यांना.

(श्वेता मेण खरवडून बूच काढते आणि बाटली स्टीलच्या पातेल्यात उपडी करते.)

श्वेता : नाना, रममध्ये चहाची पत्ती असते का?

नाना : नसते.

श्वेता : मग ही काय? चांगली चमचाभर आहे. वर बुरशीही आलीय. आई... आई, तुम्ही पदर का कोंबलात तोंडात?

सुंदराबाई : हसू येतंय म्हणून.

नाना : अगो, काय आसा ह्या?

सुंदराबाई : कोरी चाय. तुम्ही मला म्हणालात, मेणाने बंद करून ठेव, आणि गवंड्याला आणायला गेलात. तेवढ्यात केली. रंग जुळेना, मग परत उकळवली.

नाना : आणि रम?

सुंदराबाई : मोरीत. आठवडाभर वास जाईना. तुम्ही विचारलंत कसला वास, मी म्हटलं, राखणदार फिरता.

नाना : आणि मी त्याका नारळ दिलंय!

सुंदराबाई : दोन दिलात. खोबऱ्याच्या वड्या केल्या मी.

श्वेता : मला बसायला काहीतरी द्या. पोट दुखायला लागलं.

नाना : पण का केलंस असं?

सुंदराबाई : भिंत घालणारे तुम्ही, आणि हातोडी पण तुमचीच. आठ दिवसांत फोडली असती भिंत.

नाना : फोडणार होतो. हातोडी घेऊन उभा होतो इथे. मग राखणदाराची भीती वाटली आणि ठेवली परत.

सुंदराबाई : बघितलं मी. पोराला पाजत होते तिथे.

नाना : म्हणजे मी जलमभर कोऱ्या चायेक भियान दारू सोडलंय.

श्वेता : नाना, हे सुशांतला आत्ता फोनवर सांगितलं, तर तो ऑफिसात खुर्चीवरून पडेल.

नाना : सांग त्याला. अख्ख्या गल्लीत सांग. मी आता लपवून काय करू?

श्वेता : मिस्त्री बाहेरून विचारतोय, सिमेंट कालवलंय, नव्या ओट्याखाली काही ठेवायचं आहे का?

नाना : काय्येक नको म्हणावं. आणि त्याला पण चहा दे, ताजा. सुंदरा, एक सांग मला. मी सगळा भार राखणदारावर टाकून निर्धास्त होतो. तुला तर ठाऊक होतं, भिंतीत कोणी नाही. तुका कधी भीती नाय वाटली?

सुंदराबाई : रोज वाटायची. तुम्ही घरी येऊन चपला काढीपर्यंत.