कोपराची कडी

दगडाबाई : उमा, तुझ्या नवऱ्याला काय झालंय? माझ्या सैपाकघराची कडी उपटली अन् तिथं हे लोखंडी शिंग ठोकलं! इचारलं का मला?

उमा : आत्या, नव्या डिझाईनची ट्रायल हाय. हात न लावता दार उघडायचं. उद्या शहागंजातल्या नव्या इमारतीचे मालक बघायला येणारेत. त्यांची सत्तर दारं हायेत.

वैजनाथ : आणि ते काम मिळालं नाही तर वर्कशॉपला कुलूप, आई. करोनापासून लोक दाराला हात लावायला भितात. हे बघ, यात कोपर अडकवायचं नि ओढायचं. झालं!

दगडाबाई : तुझं झालं. तू ताडमाड. माझं कोपर तिथवर न्यायला पाट लागंल.

वैजनाथ : अगं, हे ऑफिससाठी आहे. तिथं तू कशाला जाशील?

दगडाबाई : मी नाय जाणार. पर फरशी पुसाया कोण जाईल? तुझे साहेब? त्यांचा एक हात मोबाइलला, दुसरा खिशात. दोन्ही हातांत बादल्या कुणाच्या असतात रं? उमा, तू उघडून बघितलं का?

उमा : सकाळीच. दोन्ही हातांत हंडे होते. पदर त्या टोकात अडकला, मी वढले गेले. बांगडी वाढली.

दगडाबाई : ह्याला सांगितलं?

उमा : सांगितलं. म्हणाले, पदर खोचत जा.

दगडाबाई : व्वा! दार सुधारायचं सोडून बाई सुधारायला निघाला!

वैजनाथ : घाईत बोललो गं.

दगडाबाई : पाचोडला गोठ्याचं दार मी शेणाच्या हातानं कसं उघडत होते, आठवतं?

वैजनाथ : लाकडी खुंटी होती. कमरेच्या जरा वर. कोपरानं ढकलायचीस.

दगडाबाई : अन् तिचं टोक?

वैजनाथ : दाराकडं वळलेलं… म्हणजे पदर अडकणारच नाही! आई, रात्रीतून वाकवून घेतो. किती खाली घेऊ? थांब, तुझं कोपर मोजतो.

दगडाबाई : माझं कशाला? उमाचं मोज.

(वैजनाथ टेप घेऊन येतो. उमा बाही वर करते.)

वैजनाथ : हे… एवढं खरचटलंय?

उमा : काच लागली. मोजा तुम्ही.

दगडाबाई : थांब. कारागीर बरा हायेस, वैजनाथ. नवरा लई कच्चा. आधी हळद लाव, मग टेप.