फटफटीतलं करडीचं तेल

मी शांतवन. आमचं गाव जामखेडच्या अलीकडं, माळावर, नाव लिहू नका, लोक म्हनत्याल शांतवननं आमाला कागदावर चढवलं. आज्यानं माझ्या धर्म घेतला, का घेतला ते मला ठाऊक न्हाई, कोनी विचारलं तर म्हनायचा पाद्री चांगला मानूस हुता, एवढंच. बाप गवंड्याच्या हाताखाली राबला. मी सातवी नापास, मग मिशनच्या बंगल्यावर पानी शेंदायला लागलो, मग झाडं बघायला, मग फादरची फटफटी पुसायला, आन पुसता पुसता चालवायला बी शिकलो. फटफटी म्हंजे मोटारसायकल हो, आमी फटफटीच म्हनायचो, आवाजच तसा हुता तिचा.

फादर बर्फाच्या देशातला. मराठी चांगलं बोलायचा, भाकरी मोडून खायचा, पन एक खोड त्याची गेली न्हाई. थंडी आली की फटफटी ठेवून द्यायची. त्याच्याकडं म्हने थंडीत रस्त्यावर बर्फ पडतं, गाडी कोनी काढत न्हाई, म्हनून ठेवायच्या आधी तेल बदलायचं, फिल्टर बदलायचा, का तर जुनं घान तेल आत बसून बसून इंजन खातं. आता आमच्याकडं थंडीतच रस्ता खरा चांगला, चिखल न्हाई, ऊन न्हाई. मी म्हनलं बी त्याला, फादर हितं बर्फ कुठंय, तर म्हनायचा, शांतवन, गाडीला बी विसावा लागतो. मग काय, दर थंडीला गाडी लाकडावर चढवायची, वर गोनपाट टाकायचं आन फादर पायी गावं फिरायचा. लोक हसायचे. हसू द्या म्हनायचा.

तेल काढायचं ते इंजन गरम असताना, ही त्याची पयली शिकवन. गरम तेल पातळ हुतं, घान संगं घिऊन भायेर येतं. फिल्टर म्हंजे आत एक नळी असती, घोंगडीच्या कापडासारखी, तेल गाळायला. ती नवी घालायची.

तर बहात्तरचं साल. दुष्काळाचं काय सांगू तुमाला, तुमी ऐकलंच आसंल. विहिरींचे तळ दिसायचे, बैलं समदी छावनीत, घराघरातली मानसं खडी फोडायच्या कामावर. त्या थंडीत फादरची आई तिकडं आजारी पडली, तो निघाला. मी त्याला फटफटीवर नगरला सोडलं. जाताना म्हनला, आजच तेल काढ, इंजन गरम हाय तवरच. नगरात दुकानदाराकडं तेलाचा नवा डबा न्हाई, फिल्टर बी न्हाई. दुकानदार म्हनला उद्याच्या यष्टीनं कंडक्टरच्या हाती धाडतो. बरं म्हनलं. घरी आलो, इंजन गरम, फादरचं म्हननं डोक्यात, काढलं तेल. काळंकुट्ट. ते बी वाया गेलं न्हाई, काळं तेल निघालं हे गावाला कळायला वेळ लागत न्हाई, कोनी वाळवी लागलेल्या चौकटीला लावलं, कोनी बैलगाडीच्या आसाला, बैल न्हाईत तरी. सांजच्याला तेल काढलेल्या घमेल्यात थेंब न्हाई. फिल्टरची नळी रॉकेलात धुऊन ठिवली.

दुसऱ्या दिवशी यष्टी आली, डबा आला न्हाई. त्याच्या दुसऱ्या दिवशी बी न्हाई. मला काय घाई न्हवती, गाडी उभीच ऱ्हायची हुती.

आन मग मार्था बाळंत झाली. मार्था माझी बायकू. पयलंच बाळंतपन, सकाळी कळा लागल्या, दुपार व्हायच्या आत पोरगी झाली, रडली बी चांगली. शेजारची चंद्राआजी सुईन हुती, लई पोरं काढली हुती तिनं त्या हातांनी. ती भायेर आली ती हात पुसतच आली, म्हनली शांतवन, पोरामागची वार पडंना, रगत थांबंना, मला ह्ये झेपायचं न्हाई, जामखेडची नर्सबाई आन. मी म्हनलं कशानं आनू, यष्टी सकाळीच गेली. ती म्हनली बैलगाडी. म्हनलं बैल छावनीत. मग ती फटफटीकडं बघाया लागली, आन मी बी. तेलाबिगर चालवली असती तर कोस दीड कोसात इंजन जाम झालं असतं, मग ना गाडी, ना नर्स, ना मी. त्या वक्ताला मला लई भ्या वाटलं. खोटं कशाला बोलू.

चंद्राआजी म्हनली तेलच लागतंय ना, मग तेल तेल सारखं. आन गेली ती घरोघर. बाया कामावर, घरात म्हाताऱ्याच. दुष्काळात तेल म्हंजे काय, बुधल्याच्या तळाला असंल नसंल तेवढं, कालवनाला बोट बुडवून लावायचं. पन आनलं लोकांनी. कोनी वाटीत, कोनी पळीत. एक म्हातारी डोक्याचं वासाचं तेल घिऊन आली, ते बी घेतलं. एकीनं लोनच्यावरचं तेल आनलं, तिला म्हनलं मावशे, ह्यात मीठ हाय, ऱ्हाऊ दे. तिला राग आला, म्हनली माझंच तेवढं चालंना व्हय. एवढं करून बी पुरंना. इंजनाचं पोट मोठं असतंय.

तवा धोंडू गुरव आला. मारुतीच्या देवळाचा गुरव, माझ्याहून धा-पंधरा वर्सांनी मोठा, कमी बोलायचा. हातात बुधला. म्हनला, करडीचं हाय, घे. मी म्हनलं गुरवदादा हे देवाचं. तो म्हनला, वत. मी वतलं. धुतलेली जुनी नळी बसवली आन किक मारली.

गाडी चालली. धूर निघाला तो भज्यांच्या वासाचा. वाटंत खडीच्या कामावरच्या बाया माना वर करून बघायच्या, उपाशी मानसं, त्यांना तो वास कसा वाटला आसंल. मी कान इंजनाला लावून. जामखेडला नर्सबाई लगीच निघाली, पिशवी पोटाशी धरून आडवी बसली, जल्मात कधी बसली न्हवती. थोडं गेल्यावर म्हनली, भाऊ, तुमच्या गाडीत काय शिजतंय.

बाईनं सुई दिली, हात घातला, वार काढली, रगत थांबलं. मार्था पांढरी फटक पडली हुती, पन डोळे उघडे. मला म्हनली, पोरगी कुनावर गेली. मी भायेर जाऊन रडलो. पोरीचं नाव हन्ना ठिवलं.

यष्टीनं डबा काय आलाच न्हाई, गाडी तशीच उभी ऱ्हायली. फादर उन्हाळ्यात आला. किक मारायला गेला तर किक खाली जाईना, करडीचं तेल आत सुकून डिंक झालेला. म्हनला काय घातलंस. सांगितलं समदं. तो हसला न्हाई, रागावला बी न्हाई, शर्ट काढून खाली बसला आन म्हनला रॉकेल आन. आमी दोघांनी इंजन खोलून धुतलं. तवापासनं बंगल्यावर नेम झाला, नवा डबा आधी घरात, मग जुनं काढायचं.

आन धोंडू गुरवाचं मला लई उशिरा कळलं. चंद्राआजीनं मरताना सांगितलं. त्यानं देवळातलं समदंच तेल दिलं हुतं. पुढं कितीतरी दिवस मारुतीम्होरं दिवा लागला न्हाई, तो आपला सांजच्याला वात ठिवायचा, कोनी विचारलं तर म्हनायचा वारं लई हाय, विझतोय. सांगितलं असतं तर भांडनं झाली असती, देवाचं तेल किरिस्तावाच्या गाडीत. तो आन मी रोज भेटायचो, तमाकू खायचो, एका शब्दानं बोलला न्हाई.

मग मी दर शनवारी पळीभर करडीचं तेल घिऊन जायला लागलो. धोंडूनं पयल्या दिवशी पळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन दिवा म्होरं सरकवला. फादरला मी सांगितलं न्हाई, त्यानं विचारलं न्हाई. ऐतवारी मी देवळात, आमच्या, म्हंजे चर्चात.

आता फादर गेला, तिकडंच पुरला त्याला. फटफटी भंगारात गेली. धोंडू गेला, मार्था जाऊन बी दोन वर्सं झाली, नातवंडं बघून गेली, त्याचं मला समाधान हाय. मारुतीम्होरं आता लाईटचा दिवा हाय, बटन दाबलं की लागतो. हन्ना नगरजवळ नागापूरला असती, जावई कारखान्यात. शनवारी आली की म्हनती, बाबा, तिथं लाईट हाय की आता, कशाला तेल घिऊन जाता या गुडघ्यांनी. मी म्हनतो, तू बुधला धर, मला हात दे, पायरी उंच हाय.