गोधड्यांमागचा आवाज

…आणि वर तो सीडी भरणारा मलाच म्हणतो, "आजोबा, तुमचा आवाज बसत नाही!" बसत नाही? अहो, माझा आवाज बसायला जन्मलाच नाही! अख्ख्या नाशिक जिल्ह्यात असा आवाज नाही, तुम्हाला सांगतो. या सावळीरामनं इथं मखमलाबादच्या मळ्यातून हाक मारली की तिकडं वणीच्या गडावर पुजारी दचकायचा… बरं, गडाचं जाऊ द्या. शेजारच्या वाळूभाऊची म्हैस उठून उभी राहायची. …बरं, उभी नाही, कान हलवायची. पण हलवायची की नाही?

बसा हो, बसा. दसऱ्याचा झेंडू न्यायला आलात ना? पोतं भरेस्तोवर ऐका. ऐकायचे पैसे घेत नाही मी, फक्त उठून जायचं नाही.

तर आमची नात सायली. माझ्या पोराची, सोमनाथची पोरगी, तेव्हा कॉलेजला जायची, आणि सकाळी कॉलेजआधी आमच्याबरोबर झेंडू तोडायची. एक दिवस तोडता तोडता मान हलवायला लागली आणि तोंडानं पुटपुट पुटपुट! मला वाटलं, ऊन लागलं पोरीला. सुनेला म्हटलं, "अगं मंजुषा, कांदा आण, फोडून नाकाला लाव हिच्या!" तर पोरगी म्हणते, "आजोबा, रॅप आहे हे."

"म्हणजे काय गं?"

"गाणं नाही. बोलणंच, पण तालात. आणि मनातलं सगळं सांगून टाकायचं, थांबायचं नाही."

म्हटलं, मग तुझी आजी लग्न झाल्यापासून दुसरं काय करते!

आता मी थट्टा करणार नाही तर कोण करणार? चौथीत मास्तरांनी मला शाळेतून काढलं ते थट्टेपायीच. पण मग तिनं म्हणून दाखवलं. ऐका हं…

*हात माझे पिवळे झाले, हळद नाही, झेंडू हाय!*
*हार पडतो पुढाऱ्याला, वाकलेली माझी आय!*

तुम्हाला सांगतो, थट्टा करायला उघडलेलं माझं तोंड तसंच उघडं राहिलं. कारण तिची आय, आमची सून मंजुषा, समोरच्याच सरीत वाकलेली होती. तिनं ऐकलं, आणि कंबर सरळ करून उभी राहिली. तशी ती दुपारपर्यंत कधी सरळ होत नाही.

तेव्हा नाशकात एफएम रेडिओ नवा नवा आलेला. रविवारी आपल्याकडच्या पोरापोरींची गाणी लावायचे. सायलीनं मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर रॅप भरलं, सीडी नेऊन दिली. आठवड्यानं तिथल्या साहेबाचा फोन, असा नाकातून, गोड, साखरेत घोळवलेला, "सायलीऽ, शब्द ना, एकदम मस्त! पण आवाज ना, खूप बारीक येतोय गं. भरीव करून आण ना. येत्या शनिवारपर्यंत दे, या रविवारनंतर आपला कार्यक्रमच बंद होतोय."

भरीव करून आण! जणू पोळीत पुरणच भरायचंय!

सायली मला म्हणाली, "आजोबा, आता परत आलं ना, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही." आणि त्या दिवसापासून मळ्यात झेंडू तोडताना गप्प. तुम्हाला ठाऊक नाही, गप्प मळा कसा असतो ते. नुसती कट् कट् कट् देठं तुटतात. मी सगळ्या नकला करून पाहिल्या, मास्तराची, पुढाऱ्याची, वाळूच्या म्हशीची… पोरगी हसेना. तेव्हा म्हटलं, सावळीराम, हे काम थट्टेनं होणारं नाही.

पंचवटीत एक भारत आहे. मूळचा येवल्याचा, पैठणी विणणाऱ्यांच्या घरातला. मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देतो, आणि दुकानामागच्या खोलीत चैत्राच्या यात्रेआधी देवीच्या गाण्यांच्या सीड्या भरतो. त्याला गाठलं. तो म्हणाला, "करू की. पण माझी खोली घुमते. गोधड्या आणा, जाड. भिंतीला टांगू."

आता आमच्या घरच्या गोधड्या कोणाच्या? आमच्या मंडळींच्या, लंकाबाईच्या. एकेक गोधडी तिनं स्वतः शिवलेली, जुनी लुगडी जोडजोडून. ती म्हणाली, "गोधड्या जातील तिथं मी जाईन. परक्याच्या घरी सोडू काय त्यांना?" झालं! टेम्पोत गोधड्या, गोधड्यांवर लंकाबाई, लंकाबाईच्या शेजारी मी. जणू गोधड्यांचंच लग्न निघालंय पंचवटीला!

भारतनं चारी भिंतींना गोधड्या टांगल्या. मधोमध माईक, माईकपुढं सायली. लंकाबाई कोपऱ्यात, एका गोधडीच्या मागं, राखणीला. दोन वाजता लाइट जाणार होती, तेव्हा भारनियमन होतं ना, घड्याळात बघून लाइट जायची, नवऱ्यासारखी वेळेवर… कोणाच्या नवऱ्यासारखी ते विचारू नका.

सायलीनं म्हटलं. भारतनं कानाला ते मोठे डबे लावून ऐकलं. म्हणाला, "चांगलंय. पण एकटा आवाज आहे. आमच्याकडं रेशीम एकेरी लावलं तर पदर उभा राहत नाही, पीळ देऊन दुहेरी करावं लागतं. आवाजाचंही तसंच. तीच ओळ पुन्हा म्हण. तसंच… पुन्हा! एक मी डाव्या कानाला ठेवीन, एक उजव्या. तुझा मुख्य आवाज मधे. मागचे दोन हळू, ऐकणाऱ्याला कळणारसुद्धा नाहीत, पण भरल्यासारखं वाटेल."

मी म्हटलं, "अरे शहाण्या, मग पोरीला कशाला राबवतो? तुझ्या कॉम्प्युटरात नक्कल काढ ना त्याच ओळीची! चिकटव इकडं एक, तिकडं एक!"

भारत हसला. म्हणाला, "करून दाखवू?" आणि त्यानं केलं. ऐकवलं. मोठं झालं हो, पण बारीकच राहिलं! टाचणीवर टाचणी ठेवली तर खांब होतो का? भारत म्हणाला, "आजोबा, सही सही तेच असलं तर नुसतं मोठं होतं. माणसानं पुन्हा म्हटलं की केसाएवढा फरक पडतो. तो केस लागतो. त्या केसानं भरतं. पण केसच लागतो हं, दोरखंड नाही!"

तसंच, पण पुन्हा. पुन्हा, पण तसंच. काय सांगू तुम्हाला, मी तिथं बसून या वाक्यावर विचार केला. मी! विचार! लंकाबाईनं विचारलंसुद्धा, "पोट दुखू ऱ्हायलं का तुमचं?"

सायलीनं पुन्हा म्हटलं, पण तिन्ही आवाज तिचेच, तिन्ही बारीक. भारत म्हणाला, "मागं कोणीतरी जाड आवाजाचं पाहिजे. ओळीच्या शेवटी, 'झेंडू हाय', 'माझी आय', एवढंच म्हणणारं." आणि त्यानं माझ्याकडं बघितलं!

माझ्याकडं! अहो, मी तर सकाळपासून त्यासाठीच बसलो होतो! उठलो. टोपी सरळ केली. माईकपुढं उभा राहिलो आणि असा ठेवून दिला, "झेंडू हाऽऽय!" गोधड्या हलल्या, तुम्हाला सांगतो.

"वा आजोबा! आता तसंच… पुन्हा!"

आता तसंच म्हणजे कसं? एकदा म्हटलेलं पुन्हा तसंच म्हणायचं म्हणजे शिळं नाही का झालं? मी म्हटलं, "झेंडू हाय की राव!"

"नाही आजोबा, तसंच… पुन्हा."

मी पुढाऱ्याच्या आवाजात म्हटलं, "बंधूंनो, झेंडू हाय!" मग बाजारातल्या ठमाबाईच्या आवाजात, "झेंडू हाय बाईऽऽ, शेवंती बी हाय!" सायली पहिल्यांदा हसली हो! चार दिवसांनी! मी तर चेकाळलोच. पुढच्या वेळी मधेच म्हैस काढली. आणि माझ्या प्रत्येक पराक्रमानंतर त्या कोपऱ्यातून, गोधडीमागून, एकच आवाज, "आवरा आता! माझ्या गोधडीला माती लागू ऱ्हायली!"

सायलीचं हसू ओसरलं. तिनं घड्याळाकडं बघितलं. म्हणाली, "आजोबा, दोन वाजत आलेत." एवढंच म्हणाली. असं हळू म्हणाली की माझी म्हैस तिथल्या तिथं बसली. मी मनापासून प्रयत्न केला, शप्पथ. पण जमेना! "झेंडू हाय" म्हणायला जावं आणि ओठ आपोआप वाकडे व्हावेत, काहीतरी नवं निघावं. सगळा जन्म एक गोष्ट दोनदा सारखी सांगितली नाही, तर त्या दिवशी कुठून सांगणार?

भारतनं कपाळाला हात लावला. मग एकदम कानावरचे डबे घट्ट धरले. मागं फिरवलं, ऐकलं. पुन्हा मागं फिरवलं. मग त्यानं मोठ्या स्पीकरवर आम्हाला ऐकवलं. माझी सगळी बडबड त्यानं पुसली होती, आणि मागं फक्त काय उरलं होतं? "आवरा आता! माझ्या गोधडीला माती लागू ऱ्हायली!" पहिल्या वेळचं, दुसऱ्या वेळचं, तिसऱ्या वेळचं, एकावर एक ठेवलेलं. तीच उंची, तोच ठसका, तिथंच श्वास. आणि मधे तो केस! अहो, एकच लंकाबाई, पण अशी भरलेली, जणू खोलीत सगळ्या भिंतींतून बोलतेय. घाबरलो ना मी.

भारत हळूच म्हणाला, "आजी, जरा पुढं येता का?"

"मी? मला काय येतंय? मी गोधड्या बघायला आले."

"'वाकलेली माझी आय', एवढंच म्हणायचं."

लंकाबाई माईकपुढं आली. पदर सारखा केला. सायलीकडं बघितलं, आणि म्हणाली. गायली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर सांगते ना, तशी म्हणाली, "वाकलेली माझी आय."

"तसंच… पुन्हा!"

"वाकलेली माझी आय."

"पुन्हा."

"वाकलेली माझी आय."

भारतनं एक डावीकडं ठेवला, एक उजवीकडं, आणि मधे सायली. ऐकवलं. आणि तुम्हाला सांगतो… तो बारीक आवाज बारीकच होता हो, पण आता एकटा नव्हता. त्याला मागून कोणीतरी धरलं होतं. सायली लंकाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून ऐकत राहिली, आणि लाइट गेली. पण भारतनं तेवढ्यात भरून ठेवलं होतं सगळं.

मी मात्र येताना रिक्षात… टेम्पोत, टेम्पोत! रिक्षा कुठून आली? …टेम्पोत गोधड्या धरून बसलो होतो. विचार करत होतो. ही बाई रोज रात्री विचारते, "दाराला कडी लावली का?" रोज तसंच. मी रोज तिला चिडवायला नवं उत्तर देतो. लोक माझं उत्तर ऐकून हसतात, हिचा प्रश्न कोणी ऐकत नाही. पण कधी ही माहेरी वणीला गेली ना, तर त्या प्रश्नावाचून घर घुमतं. गोधड्या टांगल्या तरी घुमतं. मोठा आवाज माझाच, पण…

असू द्या. तर रेडिओ! भारतनं शनिवारी सीडी रेडिओवाल्यांना नेऊन दिली. रविवारी फूलबाजारात ठमाबाईनं ट्रान्झिस्टर लावला. मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना, माझा आवाज येणार म्हणून. सगळा बाजार कान लावून! सायलीचं रॅप लागलं. बायका फुलं ओवायच्या थांबल्या. 'वाकलेली माझी आय' आलं तेव्हा ठमाबाईनं आवाज वाढवला. संपल्यावर ठमाबाई म्हणते, "सावळीरामभाऊ, पोरीनं लय भारी म्हटलं. पण तुमचा आवाज कुठं हाय?"

म्हटलं, "आतून हाय. घराचा पाया दिसतो का तुला?"

ती म्हणाली, "घर दिसलं, वहिनी दिसली, पोरगी दिसली. पाया काय दिसला नाय."

आता सायली दर महिन्याला नवं काहीतरी लिहिते. लंकाबाई आणि गोधड्या तिच्याबरोबर पंचवटीला जातात, भारत दारापर्यंत घ्यायला येतो, "या आजी, या!" आणि मी? मी टेम्पोत गोधड्या चढवतो आणि टेम्पोतून गोधड्या उतरवतो. एवढा नाशिक जिल्ह्यात गाजलेला आवाज, आणि काम काय, तर "जरा सरका, गोधडी येऊ द्या!" नशीब एकेकाचं.

झालं बघा पोतं भरून. काय म्हणता? मी वाढवून सांगतो? अहो, एक अक्षर इकडचं तिकडं नाही! खोटं वाटत असेल तर विचारा तिला, आतच आहे ती, सगळं ऐकतेय. काय गं लंके? असंच झालं होतं ना?

"मला काय विचारू ऱ्हायले? पुन्हा सांगा बघू त्यांना… तसंच!"