कबरीवरचं बी

लेलीफोन्तेन गावच्या दवाखान्यात नंबरची वाट बघता बघता रोझालिनचे कान मागच्या बाकावरच्या दोघी म्हाताऱ्यांकडे लागले.

"मॅग्रीता, नवऱ्याच्या कबरीवर फेखीची रानफुलं आली का गं?"

"कुठली! तिसरं वर्ष हे. पाऊस येऊन गेला, तरी एक कोंब नाही."

"बी पेरलंस कसं?"

"चांगलं वीतभर खोल पुरलं. वाऱ्यानं उडालं असतं ना."

"अगं वेडे, धुळीएवढं बी ते. उजेड लागतो त्याला. नुसतं वर भुरभुरायचं आणि तळव्यानं दाबायचं."

"असं उघड्यावर? माझं मन नाही धजत."

"मातीखाली नवरा ठेवलास, तेवढं पुरे."

मॅग्रीता जराशी लांब सरकली, तसा मागचा बाक करकरला.

"रागावलीस?"

"नाही गं. शेवटी शेवटी तोही हेच म्हणायचा. 'पांघरूण काढ, किती झाकतेस मला!'"