गळालेला शुक्रवार

फालानिको : थांबव. मारेता, बंद कर कॅमेरा. आई, पुन्हा तेच केलंस.

रुता : काय केलं मी?

फालानिको : "ये रे, जेवून जा." कुणाला म्हणालीस?

रुता : सेफोला. समोरून चालला होता तो.

फालानिको : चालणारच ना. मीच चालायला लावलंय त्याला. तू त्याच्याकडे बघायचं नाहीस.

रुता : माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा जेवणवेळेला माझ्या घरावरून जातो, आणि मी अळूचे कंद पुढ्यात घेऊन गप्प बसायचं? गावातलं कुत्रंही हसेल मला.

मारेता : कुत्रं दुपारीच येऊन गेलं, आई. तुम्ही त्यालाही बोलावलंत. तोही शॉट गेला.

रुता : तुझ्या नवऱ्याला सांग. जेवणाचं ताट समोर ठेवायचं आणि हाक मारायची नाही, असला सिनेमा कोणत्या देशात चालतो?

फालानिको : ताट काढून बघितलं सकाळी. तरी हाक मारलीस.

रुता : ताट नसलं म्हणून काय, चुलीवर कोको होता की.

मारेता : निको, सेफोचा फोन आहे. विचारतोय, परत वळणावर जाऊन उभा राहू का? त्याच्या वहाणेचा अंगठा तुटलाय. आणि म्हणतोय, मावशी एवढी बोलावतेय तर एक घास खाऊनच येतो.

फालानिको : त्याला म्हणावं, घास रात्री खा. उद्या विमानात बसलास की सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला जाणार, मग सहा महिने मला कोण सापडणार? जा म्हणावं वळणावर. अनवाणी चाल. तसंही चांगलंच दिसेल.

मारेता : सांगितलं. उजेड मात्र थोडाच उरलाय. आणि शंख वाजला की संपलं. प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावर माणूस दिसला तर पंच डुकराचा दंड घेतील. आपल्याकडे डुक्कर उरलेलं नाही. मागच्या शूटिंगला गेलं ते.

फालानिको : माहीत आहे मला.

मारेता : आणि ते कालयंत्र हलवायचं असेल तर आत्ताच सांग. तुझ्या यंत्रात, त्या जुन्या फ्रिजमध्ये, कोंबडी अंड्यांवर बसलीय. मी हात लावणार नाही.

फालानिको : नको हलवूस. यंत्राचं काम झालं. आता एवढंच राहिलंय. आई, नीट ऐक, शेवटचं सांगतो. हा मुलगा गळालेल्या दिवसातून आलाय. त्या दिवसातला माणूस इकडच्या कुणाला दिसत नाही, हा या सिनेमाचा नियम आहे. तो घरावरून जातो. आई समोर बसलेली असते, पण तिची नजर त्याच्यातून आरपार पलीकडे समुद्रावर जाते. तो थांबतो, बघतो, निघून जातो. संपलं. तीन वर्षं मी या एका नजरेसाठी घालवलीत.

रुता : असला नियम केला कोणी?

फालानिको : मी केला.

रुता : मग मोड की.

फालानिको : मोडला तर सगळा सिनेमाच मोडतो गं. तसा समजायलाच अवघड आहे तो.

मारेता : समजायला? मी त्याची बायको, कॅमेरा माझ्या खांद्यावर, तरी मला मधला भाग अजून कळलेला नाही. हिरो पलीकडच्या बेटावर, पागोला जातो तेव्हा काल असतो, परत येतो तेव्हा उद्या, आणि मध्ये त्याला तोच भेटतो.

रुता : त्यात न कळण्यासारखं काय आहे? पागोला आपण जातोच की. विमानात बसलं न बसलं तोवर पोचतो, आणि तिथे कालचा वार चालू असतो. तुझी आत्या तर दोन्हीकडे एकच वाढदिवस करते, दोन्हीकडे केक खाते. सिनेमा कळतो मला. शेवट तेवढा खोटा आहे.

फालानिको : खोटा?

रुता : हो. खोटा.

फालानिको : आई, मी दमलोय. वाद नको. एकदा, फक्त एकदा गप्प बस.

रुता : त्याच्या अंगावर सदरा कोणाचा आहे?

फालानिको : कोणाच्या?

रुता : सेफोच्या. तांबडा. खिशाशी उसवलेला.

मारेता : ...निको, सांग ना त्यांना.

रुता : सांगायचं काय त्यात? तो उसवला तेव्हा टाका मीच घातला होता. ट्रंकेतून लेमीचा सदरा काढतोस, सेफोला घालतोस, भरल्या संध्याकाळी माझ्या घरावरून चालवतोस, आणि वर मला म्हणतोस, बघू नकोस.

फालानिको : विचारायला हवं होतं मी. चुकलं.

रुता : चुकलं नाही. छान बसलाय त्याला. लेमी जरा रुंद होता, एवढंच.

मारेता : आई, पाणी देऊ?

रुता : नको. तू कॅमेऱ्याशीच थांब. निको, इकडे बस. उजेड जाऊ दे थोडा. त्या वर्षअखेरीला सरकारनं आपला वार एक दिवस पुढे नेला, पागोचा होता तसाच राहिला. गुरुवारी झोपलो, शनिवारी उठलो. शुक्रवार गावात आलाच नाही. पाद्रीबाबांनी त्या रविवारी प्रवचन सांगितलंच नाही, गाऊनच दाखवलं सगळं. घड्याळ सरकारचं, दिवस देवाचा, असं ध्रुपद धरलं होतं त्यांनी, आणि आम्ही बाया मागून म्हणत होतो. मी डोळे पुसत म्हणत होते. तू देवळात नव्हतास.

फालानिको : शवपेटीसाठी धक्क्यावर उभा होतो.

रुता : तेही ठाऊक आहे. आणि आदल्या दिवशी पागोहून फोन आला होता, तो तूच घेतलास.

फालानिको : आई, नको.

रुता : मारेताला माहीत नाही. कळू दे. हा चुलीजवळ उभा होता, पोरी. तिकडून कोणी परका माणूस बोलत होता, मासळीच्या कारखान्यातला. म्हणाला, तुमचा भाऊ लेमी शुक्रवारी सकाळी गेला. छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेला. आणि हा म्हणतो कसा, शुक्रवार झालाच नाही. आज शनिवार आहे, काल गुरुवार होता. तुम्ही भलत्याच कोणाच्या घरी फोन लावलात. आणि ठेवून दिला.

मारेता : निको...

फालानिको : मला खरंच वाटलं गं, कोणीतरी चेष्टा करतंय. सगळेच करत होते त्या दिवशी. शुक्रवार कुठे गेला म्हणून पोरं डबे वाजवत हिंडत होती. तिकडे अजून शुक्रवारच आहे, हे डोक्यातच आलं नाही. मी पोरांना गणित शिकवतो, आणि एक वार मला मोजता आला नाही. संध्याकाळी मामा रडत आला तेव्हा कळलं.

रुता : हं. संध्याकाळी.

फालानिको : तोवर तू नीरफणस भाजत होतीस. गात होतीस. तुझा मुलगा तिकडे मरून पडला होता, आणि मी तुला गाऊ दिलं. म्हणून करतोय हा सिनेमा. एवढंच आहे त्यात. बाकी सगळं गुंतागुंतीचं नुसतं आवरण आहे.

रुता : मला ठाऊक नाही होय? पहिल्या दिवशी फ्रिजमधून सेफो बाहेर आला तेव्हाच कळलं मला. म्हणून तर तीन वर्षं तू सांगशील तिथे बसते, सांगशील तशी उठते. पण ऐक. तू फोन ठेवून दिलास, म्हणून तेवढा एक दिवस मला मिळाला. लेमी नव्या वर्षाच्या बोटीनं येणार म्हणून त्याच्या वाटचं पान वेगळं ठेवलं होतं मी. रस्त्यानं जो जो गेला त्याला हाक मारली. ये रे, जेवून जा, लेमी यायचाय. सबंध दिवस तो या घरात जिवंत होता. मामा आला तेव्हा गेला. सगळ्या आयांना नाही मिळत असा दिवस. तो देवानं दिला, आणि तुझ्या हातून दिला. आणि तू म्हणतोस, त्या दिवसातला माणूस आईला दिसत नाही.

(दूरवर, चर्चच्या बाजूनं शंख वाजतो.)

मारेता : शंख झाला. निको, सेफो अजून रस्त्यावरच आहे. वळणावरून निघालाय. फोन उचलत नाही.

फालानिको : जिथे आहे तिथल्या घरात शिरायला सांग.

मारेता : मधे घरच नाही कुठलं. आपलंच आहे. पंचांची पोरं काठ्या घेऊन उभी आहेत तिकडे.

रुता : मग कोण बोलावणार त्याला?

मारेता : निको, उजेड अजून आहे. त्याच्या पाठीमागून येतोय. तो थांबलाय. आईंकडे बघतोय. मी चालू करू का?

फालानिको : कर.

मारेता : आणि नियम?

फालानिको : आई.

रुता : काय?

फालानिको : बोलाव त्याला.

रुता : ये रे बाबा. ये, जेवून जा. शंख झाला, उभा काय राहिलास? पाय पुस. तिथे नको, ती जागा राहू दे. इकडे माझ्याजवळ बस. सदरा चांगला दिसतो तुला.

मारेता : निको, कॅमेरा अजून चालू आहे. बंद करू?

फालानिको : राहू दे. तूही ये. सगळे बसलेत.

रुता : पडदे नकोत सोडायला, वारा येऊ दे. आज भजन कोण धरणार? तुझा बाप असता तर त्यानं धरलं असतं. तो गेल्यावर लेमी धरायचा. निको, तू धर. मी मागून म्हणते.

फालानिको : आई, किती वर्षं झाली गं. आवाज लागणार नाही माझा.

रुता : लागेल तेवढा लाव. खालच्या सुरात धर, बाळा. दमलायस तू.